अंतरा प्रलंबित

रात्री पावणेअकराला फोन वाजला आणि पलीकडचा माणूस 'हॅलो' न म्हणता थेट "अरे, हे वेगळंच आहे की!" म्हणाला, तर समजावं, दाजींनी पुन्हा सॉफ्टवेअर बदललं. तुमच्याही ओळखीत असा एक असणारच. घरातली एक खोली अडवलेली, दाराला आतून जुनी गोधडी ठोकलेली, टेबलावर माईक, हेडफोन, वायरींचा गुंता, कोपऱ्यात पेटी. आणि गाणं? ते व्हायचंय.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे यजमान, त्यामुळे फोन न उचलण्याची सोय नाही. बेळगावात टिळकवाडीला दुसऱ्या रेल्वे गेटजवळ घर, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला नोकरी. दिवसभर मायक्रोमीटर लावून मायक्रॉनच्या खोटी काढायच्या, आणि संध्याकाळी तीच नजर घरी आणायची. २००५ साली त्यांनी तुकोबांच्या एका अभंगाला चाल लावली. चाल चांगली आहे, हे आत्ताच कबूल करून टाकतो, पुढे संधी मिळेलसं वाटत नाही. मुखडा त्याच वर्षी रेकॉर्ड झाला. अंतरा राहिला. सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला २००४ साली, दाजींचा मुखडा त्याच्या पुढच्या वर्षीचा. दोन्ही प्रकरणं प्रलंबित आहेत.

पहिलं सॉफ्टवेअर कूल एडिट. कुणीतरी सीडीवर आणून दिलेलं. मुखडा झाला आणि त्याच आठवड्यात दाजींना कळलं, की ते २००३ मध्येच ॲडोबीनं विकत घेतलंय आणि आता त्याचं नाव ऑडिशन आहे. "म्हणजे मी दोन वर्षांपूर्वी गेलेल्यावर गायलोय!" सुतकात अंतरा कसा करायचा? मग ऑडॅसिटी आलं. ते चकटफू, आणि मुखड्याला पुरेसं. पण पुरेशी गोष्ट दाजींच्या घरात टिकत नाही.

एफएल स्टुडिओच्या वेळी फोन नीट लागत नव्हता. "बेल्जियमचं आहे, बेल्जियमचं!" असं ते ओरडत होते. मी म्हटलं, "बेळगावचं? उद्यमबागेत करायलेत काय?" दोन दिवस बोलले नाहीत. त्या सॉफ्टवेअरची ख्याती अशी, की एकदा पैसे भरले की पुढच्या सगळ्या आवृत्त्या जन्मभर फुकट. जन्मभर बदलावं लागणार नाही हे ध्यानात आल्यावर दाजींचा त्यातला जीवच गेला.

मग रीपर. विनॅम्प ज्यानं काढलं, त्या जस्टिन फ्रँकलचं हे अपत्य. साठ दिवस वापरून बघा म्हणतात, आणि एकसष्टाव्या दिवशीही ते मुकाट्यानं उघडतं, पैशाची नुसती आठवण करून देतं. दाजी सरळ माणूस. त्यांनी साठ डॉलर भरले आणि शेजारच्या सुतारमामांना अभिमानानं सांगितलं, "रीपर घेतलं." मामा म्हणाले, "किती फूट? कौलं उतरवालाय काय?" दाजींनी मामांना हेडफोन लावून मुखडा ऐकवला. मामांनी शेवटपर्यंत ऐकला आणि विचारलं, "पुढं?" रीपरची सगळी बटणं, रंग, मांडणी आपल्या मनासारखी करता येते. दाजींनी चार महिने ती केली. अंतऱ्याचा रंगही ठरला होता, तांबूस.

बदलायला दर वेळी काहीतरी कारण सापडतं, आणि खरं सांगायचं तर एखादं कारण वाजवीही असतं. पेटीची पट्टी दाबली की हेडफोनमध्ये सूर किंचित मागून येतो. संगणक पाचशे बारा नमुन्यांचा घास घेत असेल, तर हा उशीर सुमारे बारा मिलिसेकंद. घास एकशे अठ्ठावीसवर आणला तर उशीर तीनवर येतो, पण दाजींच्या संगणकाला घरघर लागते. यावर त्यांनी मला चाळीस मिनिटं सुनावलं. मी एवढंच म्हणालो, "दाजी, अंतऱ्याला वीस वर्षं उशीर झालाय, बारा मिलिसेकंदांचं काय घेऊन बसलाय?"

"रेडिओनं १९४० साली पेटीवर बंदी घातली," ते शांतपणे म्हणाले, "ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. पेटीवाल्याला घाई करून चालत नाही. आणि हे रामभाऊ विजापुऱ्यांचं गाव आहे. इथं पेटी कशीबशी वाजवून भागत नाही." रामभाऊंचं नाव आलं की मी गप्प बसतो. अक्का बसत नाही. "अकरा वर्षांच्या गंगूबाई हनगल १९२४ च्या इथल्या काँग्रेसला गांधीजींपुढं गायल्या," ती आतून म्हणाली, "त्या काय ट्रायल व्हर्जनवर गायल्या?" अक्का लग्नाआधी भजनी मंडळात गायची. आता का गात नाहीस, असं विचारलं तर म्हणते, "खोली मोकळी कुठाय?"

लयीची भानगड मात्र खरी. भजन जिथून सुरू होतं तिथे राहत नाही. दुसऱ्या आवर्तनाला पखवाज पुढे ओढतो, टाळ त्याच्या मागे जातात, आणि मिनिटाला ऐंशीवर निघालेली मंडळी नव्वद कधी ओलांडतात ते त्यांना स्वतःलाही कळत नाही. सॉफ्टवेअरचा टकटक्या जागचा हलत नाही. दाजींनी एकदा मंडळातल्या पखवाजवाल्या बुवांना बोलावलं, बटाट्याची भाजी-पुरी खाऊ घातली आणि कानाला हेडफोन लावला. दोन मिनिटांत बुवांनी तो काढून ठेवला. "मधे मधे कोण टकटक करालाय? त्याला आधी भाईर काढा." बऱ्याच सॉफ्टवेअरांमध्ये लयीचा चढ हातानं आखता येतो, पण बुवांसारखा हवा तर तो एका मात्रेमागून दुसरी असा आखावा लागतो. दाजींनी मुखड्यापुरता आखला. पुढचा आखणार तेवढ्यात क्यूबेस आलं.

क्यूबेसला तेव्हा यूएसबीची किल्ली लागायची. ती नसेल तर सॉफ्टवेअर दार उघडत नसे. अक्काचे दागिने लॉकरमध्ये आणि ही किल्ली देवघरात, शंखाशेजारी. रोज फूल वाहिलं जायचं. पुढे २०२२ मध्ये बाराव्या आवृत्तीपासून किल्लीची गरज संपली, पण फूल अजून वाहिलं जातं. मधल्या काळात केकवॉकही होऊन गेलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये गिब्सननं ते थांबवल्याचं जाहीर केलं तेव्हा दाजी दोन दिवस नीट जेवले नाहीत. पुढच्याच वर्षी सिंगापूरच्या बँडलॅबनं ते विकत घेऊन सगळ्यांना फुकट वाटलं. मला वाटलं, आता खुशीत असतील. दाजी म्हणाले, "दिवस घातले की रे त्याचे. आता घरात कसं घ्यायचं?"

या माणसाचा मला राग येतो. पाहुणा आला की कुंद्याची बशी पुढे करायची, आणि तोंड कुंद्यात अडकलंय असं बघून कानाला हेडफोन चढवायचा. तोच मुखडा. आमच्या नात्यातल्या तीन पिढ्यांना तो पाठ आहे. एका बारशाला बाळ रडायचं थांबेना, तेव्हा कुणीतरी तो गुणगुणला आणि बाळ झोपलं. मुखडा संपल्यावर परत उठलं.

मागच्या श्रावणात बेळगावला गेलो होतो. जुनी हार्डडिस्क खरखर करायला लागली म्हणून दाजींनी मला फायली उतरवून घ्यायला बसवलं. चौदा फोल्डर, चौदा सॉफ्टवेअरांच्या नावांचे. एकही प्रोजेक्ट उघडेना. कुणाला किल्ली हवी, कुणाला कधीच नामशेष झालेलं वाद्य. उघडली ती प्रत्येक फोल्डरमधली एकच फाइल, साधी वेव्ह, दहा सेकंदांची. नाव 'शांतता'. पुढे आकडा.

रेकॉर्डिंगमधली खरखर काढायची तर सॉफ्टवेअरला आधी रिकाम्या खोलीचा आवाज ऐकवावा लागतो. कुणी गात नाही, वाजवत नाही, असे काही सेकंद. तो नमुना घेऊन ते तेवढा आवाज गाण्यातून वजा करतं. दाजी दर नव्या सॉफ्टवेअरला पहिल्या दिवशी हा नमुना घेतात. मी एकेक वाजवत गेलो. शांतता १ मध्ये पंखा टक्‌ टक्‌ करत होता, तव्यावर उलथनं फिरत होतं. शांतता ४ मध्ये भाचीनं अगदी माईकजवळ येऊन कुजबुजत विचारलं होतं, "आता बोलू?" आणि अक्काचं "शू". शांतता ६ मध्ये कौलांवर पाऊस. शांतता ७ मध्ये राणी चन्नम्मा एक्सप्रेसची शिट्टी आणि बाजेवरच्या दाजींच्या आईचा खोकला. तो खोकला आठमध्ये होता, नऊमध्ये होता. दहापासून पुढे नव्हता.

शांतता १२ एप्रिल २०२० ची. तिच्यात काहीच नव्हतं. गाड्या बंद, रस्ता बंद.

"ती सगळ्यात स्वच्छ आली," मागून दाजी म्हणाले. कधी येऊन उभे राहिले होते कुणास ठाऊक. "वापरली नाही. कसंतरीच वाटायलं."

"पण दाजी, हे सगळे काढून टाकायचे आवाज ना?"

"होय की. काढायचेच आहेत." आणि लगेच खुर्ची ओढून बसले. बर्लिनचं बिटविग उतरवून ठेवलं होतं. एका सॉफ्टवेअरमधलं काम दुसऱ्यात जसंच्या तसं नेता यावं म्हणून त्या लोकांनी दुसऱ्या एका कंपनीबरोबर २०२३ मध्ये सामाईक फाइल काढलीय म्हणे. "म्हणजे आता बदलायचा प्रश्नच मिटला. हे शेवटचं." पंखा बंद केला, गोधडी नीट ओढली. "जरा दहा सेकंद गप्प बस."

मी श्वास धरला. तिसऱ्या सेकंदाला गेटाची घंटा वाजायला लागली. पाचव्या सेकंदाला आत पातेलं घासल्याचा आवाज आला आणि त्यावर अक्काचं गुणगुणणं. मुखड्याची शेपटी तेवढी ऐकू आली. मग ती थांबली नाही, वर गेली. वीस वर्षांत मी न ऐकलेली ओळ, वरच्या षड्जाला अलगद टेकून परत येणारी. मी दाजींकडे बघितलं. त्यांची नजर काट्यावर होती.

दहा झाले. त्यांनी बटण दाबलं, चष्मा वर सरकवला आणि फाइलला नाव दिलं : शांतता १५.