आठ मिनिटांचा चहा

संध्याकाळी कॉम्प्युटरचं बटण दाबायचं आणि चहाचं आधण ठेवायचं, हा आमच्याकडचा तेरा वर्षांचा शिरस्ता. आलं किसून, देवापाशी दिवा लावून, कप घेऊन खुर्चीत टेकावं तेव्हा कुठे पडद्यावर मुलीचा बालवाडीतला फोटो उगवायचा. मुलगी आता बेंगळुरूला नोकरी करते.

"बाबा, टाका ना तो डबा," ती फोनवर म्हणाली. डबा २०१२ च्या दिवाळीत घेतलेला. तेव्हा तो 'लेटेस्ट' होता, कारण दुकानदार तसं तीनदा म्हणाला होता. अलीकडे त्याला विस्मरणही जडलं होतं. रात्री भिंतीवरचा खटका बंद केला की दुसऱ्या दिवशी तो थेट १ जानेवारी २०१२ मध्ये जागा व्हायचा आणि एफ-वन दाबल्याशिवाय हलायचा नाही. मग बँकेची वेबसाइट कुरकुरायची. तिचं प्रमाणपत्र आत्ताचं, आणि आमचं घड्याळ ते निघायच्याही आधीचं. वीजबिल कसं भरणार?

भाच्याने निदान केलं. "मामा, आतला सेल गेलाय. तीस रुपयांचं काम आहे. पण जाताच आहात तर एसएसडी घ्या, रॅमही वाढवा."

जाताच आहात! डोंबिवलीहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, आणि तिथून लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय, पण त्या नावाने पत्ता विचारला तर लोक आपल्याकडेच पाहतात. पहिल्याच दुकानात विचारणा झाली, "बोर्ड कौनसा है?" मुलीच्या दहावीपासून या प्रश्नाला एकच उत्तर तोंडात बसलेलं. "एसएससी," मी म्हटलं. त्याने माझ्या मागच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं.

भाच्याला फोन लावल्यावर कळलं की रॅम डीडीआर-थ्रीच हवी. फोरची खाच वेगळ्या जागी असते, कितीही जोर लावा, बसत नाही. एसएसडी १९०० रुपये, चार जीबीची जुनी रॅम ७५०, प्रोसेसरला लावायची पेस्ट १०० आणि सेल ३०. एकूण २७८०. घरी आल्यावर बायकोने एसएसडी तळहातावर तोलली. "अहो, आत काही आहे ना? खारी बिस्किटाएवढंही वजन नाही." मी तिला समजावलं की यात फिरणारं काहीच नसतं, जुन्या हार्ड डिस्कमधली तबकडी मिनिटाला ७२०० फेरे मारते. "मग तेरा वर्षं एवढी फिरून ती पोचली का नाही कुठे?" या प्रश्नाला तांत्रिक उत्तर नाही.

रविवारी कॅबिनेटची कड उघडली. आत आमच्या घराचा इतिहास होता. दर दसऱ्याला आम्ही कॉम्प्युटरची पूजा करतो. जाळीवर हळद-कुंकू, वर झेंडू. त्या तेरा दसऱ्यांच्या पाकळ्या जाळीतून आत पडून तळाशी कुरकुरीत झाल्या होत्या. पंख्याच्या पात्यांवर उदबत्तीची राख आणि धूळ मिळून राखाडी मखमल चढलेली. एका कोपऱ्यात पालीचं अंडं, रिकामं. म्हणजे पिल्लू इथेच कुठेतरी, बहुधा पहिल्या बुटिंगच्या उबेवर मोठं झालं. रंगकामाच्या ब्रशने हे सगळं झाडलं. प्रोसेसरवरची जुनी पेस्ट वाळून खडू झाली होती. नवीन लावताना आईने खुर्चीतून विचारलं, "काय रे ते? कैलास जीवन नाही चालणार?" आईच्या मते कैलास जीवन कशालाही चालतं.

एसएसडी जुन्या डिस्कच्या खाचेत बसेना, आकाराने लहान. तिच्यासाठी पट्टी मिळते म्हणे, मी दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली. फिरणारं काही नाही, तर हादरणार काय? विंडोज टेनचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलेला आणि अकरा नंबर आमच्या प्रोसेसरला दारातच उभं करीना, म्हणून भाच्याने लिनक्स मिंट घालून दिलं. फुकट आहे म्हटल्यावर मी खोलात शिरलो नाही.

संध्याकाळी बटण दाबलं, आधण ठेवलं, आल्याला किसणी लावली आणि मागून हाक आली, "अहो, झाला चालू!"

वीस सेकंद. पाण्याला बुडबुडासुद्धा आला नव्हता.

खरी अडचण त्यानंतर लक्षात आली. "बिल भरलंत?" "चालू होतोय." "अर्ज पाठवलात?" "चालू होतोय." या एका उत्तरावर मी तेरा वर्षं सुखाने काढली होती. आता विचारेपर्यंत तो तयार असतो, तारखेसकट. पहिल्याच संध्याकाळी वीजबिल, पाणीपट्टी आणि सोसायटीचं थकलेलं मेंटेनन्स, सगळं भरून झालं. चहा मात्र राहिला. आधण आटून पातेलं करपलं.

जुनी हार्ड डिस्क माझ्याकडे आहे. ५०० जीबी, चालू स्थितीत, खरखरीसह. कुणाला रोज आठ मिनिटं हवी असतील तर घेऊन जा.