चंद्रावरची चंदी

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. महाराष्ट्रात, मध्य प्रदेशात, गुजरातेत लोकांनी आभाळातून जळत जाणाऱ्या रेघा पाहिल्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाजवळ माणसापेक्षा मोठी धातूची कडी येऊन पडली. आसपासच्या शिवारात धातूचे गोळे सापडले. पोलीस आले, अधिकारी आले, पुढे इस्रोचं पथकही पाहून गेलं. चीनने फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या ‘चांग झेंग ३ बी’ रॉकेटचा तो वरचा टप्पा असावा, असं कक्षांची नोंद ठेवणाऱ्या तज्ज्ञांनी सांगितलं. कुणाला इजा झाली नाही, त्यामुळे बातमी चार दिवसांत विरली.

ती विरायला नको होती. कडी शिवाराऐवजी घरावर पडली असती, तर लाडबोरीच्या माणसाने कुणाचं दार ठोठावायचं होतं?

यासाठी १९७२ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. ज्या देशाने यान सोडलं त्याने जमिनीवर झालेल्या नुकसानीची भरपाई द्यायची. चूक होती की नव्हती हा प्रश्नच नाही. भारत १९७९ पासून या करारात आहे. पण दावा सरकारने सरकारकडे करायचा असतो, परराष्ट्र खात्यामार्फत. ज्याचं घर पडलं, त्याला तिथे उभं राहायलाही जागा नाही. दिल्लीला त्या वेळी त्या देशाशी भांडायचं नसेल, तर विषय संपला. सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला ‘कॉसमॉस ९५४’ हा उपग्रह १९७८ मध्ये कॅनडात कोसळला. कॅनडाने सुमारे ६० लाख डॉलर मागितले आणि १९८१ मध्ये ३० लाखांवर तडजोड झाली. हे कॅनडाचं बळ. लाडबोरीचं किती?

आणि रॉकेट आपलंच असलं तर? त्याच करारात स्पष्ट लिहिलं आहे की यान सोडणाऱ्या देशाच्या स्वतःच्या नागरिकांना तो लागू नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतातल्या खासगी कंपनीचं पहिलं रॉकेट उडालं, पुढे दुसऱ्या कंपनीचंही उडालं. त्याचा आनंद मलाही आहे. मात्र उद्या त्यातला तुकडा चंदगडच्या काजूच्या बागेत पडला, तर बागमालकाच्या हातात नेहमीच्या दिवाणी दाव्याखेरीज काही नाही. अवकाशविषयक कायद्याचा मसुदा सरकारने २०१७ मध्ये काढला, त्यावर सूचना मागवल्या. संसदेने तो कायदा अजून केलेला नाही. मुंबईचे हेलपाटे थांबावेत म्हणून कोल्हापूरच्या वकिलांनी आणि पक्षकारांनी चार दशकं झगडून ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच मिळवलं. न्यायाचं दार जवळ असावं लागतं, हे या शहराला कुणी शिकवायला नको. अवकाशाच्या बाबतीत तर ते दार अजून बांधलेलंच नाही.

भरपाई मात्र या विषयाचं शेपूट आहे. खरा प्रश्न वाटपाचा आहे, आणि त्यावर बोलायचा पहिला हक्क कोल्हापूरचा आहे.

२६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी करवीर संस्थानातल्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागास वर्गांसाठी राखून ठेवल्या. त्यावर सांगलीचे वकील गणपतराव अभ्यंकर यांनी आक्षेप घेतला आणि महाराज त्यांना पागेत घेऊन गेले, ही कथा आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असते. घोड्यांच्या तोंडचे तोबरे काढून सगळी चंदी एकत्र पसरायला लावली. धट्टीकट्टी घोडी तुटून पडली. अशक्त घोडी आणि शिंगरं लाथांच्या भीतीने मागे उभी राहिली. ज्याच्या त्याच्या तोंडाला वेगळा तोबरा का बांधायचा, हे अभ्यंकरांना तिथे दिसलं.

आज पृथ्वीभोवतीच्या कक्षांत आणि चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर चंदी अशीच उघडी पसरली आहे.

सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरची भूस्थिर कक्षा घ्या. टीव्हीचे, हवामानाचे, दळणवळणाचे मोठे उपग्रह तिथे असतात. जागा मोजक्या, लहरी मोजक्या. जिनिव्हाची आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटना त्यांची नोंद ठेवते आणि मूळ रिवाज असा की जो आधी अर्ज करील त्याची जागा. ज्यांच्याकडे १९६० च्या दशकात रॉकेटं होती त्यांना तो अर्थातच न्याय्य वाटला. १९७६ मध्ये कोलंबिया, केनिया, इंडोनेशिया यांच्यासह विषुववृत्तावरच्या आठ देशांनी बोगोटात जाहीर केलं की आमच्या डोक्यावरची कक्षा आमची. तो दावा कायद्यात टिकणारा नव्हता, पण त्यामागची भूक खरी होती. विकसनशील देशांनी, त्यांत भारतानेही, राखीव वाट्याची मागणी लावून धरली. अखेर १९८८ मध्ये ठरलं की काही ठरावीक लहरींपुरती का होईना, प्रत्येक देशासाठी भूस्थिर कक्षेत किमान एक जागा राखून ठेवायची. त्याच्याकडे आज उपग्रह असो वा नसो. करवीरच्या हुकमानंतर ८६ वर्षांनी जग त्याच तत्त्वाला आलं.

पण ही राखीव व्यवस्था तेवढ्यावरच थांबली. खालच्या कक्षा मोकळ्याच राहिल्या आणि आता झुंबड तिथे आहे. मे २०१९ मध्ये स्टारलिंकचे पहिले ६० उपग्रह एकदम सुटले. आज कार्यरत उपग्रहांपैकी निम्म्याहून अधिक या एकाच कंपनीचे आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने तिला आणखी ७,५०० उपग्रहांना परवानगी दिली. कंपनीने मागितले होते जवळपास ३० हजार. हे उपग्रह पन्हाळ्यावरून जातात, नैरोबीवरून जातात, लिमावरून जातात. परवानगी वॉशिंग्टनमधल्या कार्यालयाची. १९६७ च्या अवकाश करारानुसार खासगी कंपनीवर देखरेख तिच्या देशाने करायची असते, म्हणजे कागदावर सगळं नियमात बसतं. उरलेल्या जगाने हरकत घ्यायची कुठे, याची सोय त्या नियमात नाही. आपल्या शहराच्या विकास आराखड्यावरसुद्धा हरकती-सूचना मागवाव्या लागतात.

जयंत नारळीकर कोल्हापुरात जन्मले, १९३८ साली. त्यांच्या पुस्तकांनी मराठी घरांतल्या पोरांना गच्चीवर नेऊन आभाळाकडे पाहायला लावलं. त्या आभाळात आता उपग्रहांच्या रेघा दुर्बिणींच्या छायाचित्रांवर उमटतात, आणि खगोलशास्त्रज्ञांना विचारलं गेलं ते उपग्रह वर गेल्यावर. या उपग्रहांचं आयुष्य पाचेक वर्षांचं. मग ते वातावरणात जाळायचे. २०२३ मध्ये विमानांनी उंचावरच्या हवेचे नमुने गोळा केले, तेव्हा तिथल्या सूक्ष्म कणांत जळालेल्या यानांचं अॅल्युमिनियम सापडलं. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं केंद्र आहे. तिथल्या रडारने ऐंशी-नव्वद किलोमीटर उंचीवरचे वारे मोजले जातात, म्हणजे यानं जिथे जळू लागतात जवळपास त्याच थरातले. या विषयात कोल्हापूरचा काय संबंध, असं विचारणाऱ्याने सागरमाळकडून विद्यापीठाच्या फाटकापर्यंत चालत जावं.

उपग्रह नकोत, असं मी म्हणत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५५ फुटांवर गेली, तेव्हा शिरोळ-करवीरमधला पुराचा विस्तार हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने उपग्रहांच्या मदतीने नकाशावर आणला. गगनबावड्याच्या वाडीवर आजही गर्भवतीसाठी गाडी बोलवायची तर रेंज शोधत टेकाडावर चढावं लागतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीम अशा जिल्ह्यांच्या जोडणीसाठी स्टारलिंकशी इरादापत्र केलं. ती गरज खरी आहे. म्हणूनच त्या वाडीची तार परदेशातल्या एका मालकाच्या मर्जीवर लोंबकळत ठेवता येणार नाही. सेवा घ्यावी, दर आणि अटी मांडवात सगळ्यांसमोर ठरवाव्यात.

आता चंद्र. १९६७ चा करार सांगतो की चंद्रावर कुठलाही देश मालकी सांगू शकत नाही. १९७९ चा चंद्र करार पुढे जातो. तिथली संपत्ती अवघ्या मानवजातीचा वारसा आहे आणि उत्खनन सुरू व्हायची वेळ आली की सर्वांनी मिळून वाटपाची व्यवस्था उभारावी, असं त्यात आहे. भारताने १९८२ मध्ये त्यावर सही केली, अनुमोदन मात्र दिलं नाही. २०१५ मध्ये अमेरिकेने कायदा केला की आमच्या कंपन्यांनी अवकाशातून जे खणून काढलं ते त्यांच्या मालकीचं. २०२० मध्ये आर्टेमिस करारनामा आला. खनिज काढणं म्हणजे आपोआप मालकी सांगणं नव्हे, आणि काम चालू असेल तिथे ‘सुरक्षा क्षेत्र’ आखता येईल, असं तो म्हणतो. २१ जून २०२३ रोजी भारताने त्यावरही सही केली, सत्ताविसावा देश म्हणून. एका कागदात सामायिक वारसा, दुसऱ्यात खणील त्याचं. दोन्हींवर आपली सही आहे.

यातली कुठली सही आपली खरी, हे संसदेत कधी ठरलं? आपल्याकडे आंतरराष्ट्रीय करारावर सही करायला संसदेची आगाऊ मंजुरी लागतच नाही. २०२३ चं अवकाश धोरणही मंत्रिमंडळाने मंजूर केलं. लघुग्रहावरून किंवा अन्य ठिकाणाहून मिळवलेली संपत्ती बाळगायचा, वापरायचा, विकायचा हक्क त्यात भारतीय खासगी कंपन्यांना दिला आहे, देशाच्या आंतरराष्ट्रीय बांधिलकीच्या अधीन राहून. कोणती बांधिलकी, त्या दोन सह्यांपैकी कोणती, ते धोरण सांगत नाही.

चंद्रयान-१ ने चंद्रावर पाण्याचा पुरावा दिला. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं, तेव्हा बिंदू चौकात गुलाल उधळावा असाच तो क्षण होता. कायम सावलीतली, बर्फ असलेली विवरं आणि त्यांच्याजवळची जवळजवळ अखंड ऊन मिळणारी उंच टोकं तिथे थोडी आहेत. जो आधी पोचून कुंपण घालील, त्याने चांगल्या जागा घेतल्या. चाळीस वर्षांपूर्वी आपण मागे उभं राहिलेलं घोडं होतो आणि राखीव वाटा मागत होतो. आज आपण धट्ट्याकट्ट्यांत मोडतो. खरी परीक्षा आत्ता आहे: रवांडाला, बोलिव्हियाला, नेपाळला वाटा ठेवायचा की आपल्याला जागा मिळाली म्हणून तोंड फिरवायचं?

पहिला नमुना चांगला नाही. मार्च २०१९ मध्ये आपण स्वतःचाच एक उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला. त्याचे शेकडो तुकडे झाले. असे स्फोट करणाऱ्या चाचण्या करू नयेत, असा ठराव डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आला. १५५ देश बाजूने, ९ विरोधात. भारत तटस्थ बसला. २०३० पर्यंत आपल्या सर्व अवकाश मोहिमा कचरामुक्त करू, असं आपण नंतर जाहीर केलं आहे; मग त्या ठरावावर हात वर करायला अडचण काय होती?

“पैसा ज्यांनी घातला, जोखीम ज्यांनी घेतली, त्यांनी खावं,” असं सांगणारे भेटतात. १९०२ मध्येही हेच सांगितलं जात होतं, फक्त पैशाच्या जागी लायकी हा शब्द होता. गुंतवणुकीचा मोबदला जरूर द्यावा. पण कक्षा त्यांनी निर्माण केलेली नाही, आणि चंद्रावरचं बर्फ त्यांच्या भांडवलातून गोठलेलं नाही.

घाई आहे, कारण व्हिएन्नात काम सुरू आहे. संयुक्त राष्ट्रांच्या बाह्य अवकाश समितीत १९५९ मध्ये २४ सदस्य होते, भारत त्यांतला एक. आज शंभरावर आहेत आणि निर्णय सर्वसहमतीने होतात, म्हणजे तिथे भारताच्या शब्दाला वजन आहे. अवकाशातल्या खनिजांची तत्त्वं ठरवणारा तिचा कार्यगट २०२७ पर्यंत आपलं काम पुरं करणार आहे. राखीव वाटा, मिळकतीतला हिस्सा, सुरक्षा क्षेत्राची मुदत आणि मर्यादा, या गोष्टी तिथे आत्ता मांडल्या तर मसुद्यात येतील.

अवकाश विभाग थेट पंतप्रधानांकडे आहे. २०२४ मध्ये कोल्हापूरने शाहू छत्रपतींना लोकसभेत पाठवलं आणि हातकणंगल्याने धैर्यशील माने यांना. एक विरोधी बाकांवर, एक सत्ताधारी बाकांवर. दोघांनाही जाहीर विनंती, पुढच्या अधिवेशनात हे प्रश्न लावावेत: २०१७ च्या मसुद्याचं काय झालं आणि विधेयक सभागृहात कधी येणार? त्यात आपल्याच रॉकेटच्या तुकड्याने नुकसान झालेल्या नागरिकाला भरपाई किती दिवसांत, कुठल्या कार्यालयातून मिळेल? व्हिएन्नाच्या कार्यगटात भारताने उशिरा येणाऱ्या देशांच्या वाट्याविषयी आजवर काय भूमिका मांडली? आणि १९८२ ची सही पाळायची की २०२३ ची?

सरकारकडून जे उत्तर येईल, ते या सदरात शब्दशः छापलं जाईल.