तूर निघाली की या

नैरोबी, घटस्थापना

ती. नाना व ती. आई यांना शि. सा. न.

नाना, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "जनावरं बघायला आफ्रिका कशाला? आपल्या सिरसाळ्याच्या शिवारात रोही आहेत, रानडुकरं आहेत." खरंय. पण इथलं रानडुक्कर, म्हणजे वॉर्टहॉग, शेपूट ताठ उभी करून पळतं आणि ते बघायला साता समुद्रापलीकडून माणसं येतात. मासाई मारात परदेशी पाहुण्याचं एका दिवसाचं तिकीट जानेवारी ते जून 100 डॉलर आणि जुलै ते डिसेंबर 200 डॉलर. एवढे पैसे मोजून गाडीतून "हाऽड हाऽड" ओरडायचं नाही. गोफण तर आणायचीच नाही.

भाव दुप्पट होतो तो विल्डबीस्टमुळे. दहा-बारा लाख जनावरं पावसाच्या आणि चाऱ्याच्या मागे टांझानियातून माराकडे येतात, मगरींच्या नदीत उड्या टाकतात आणि उरलेली दिवाळीच्या सुमारास माघारी फिरतात. पोटामागे मुलूख सोडणं म्हणजे काय, हे बीड जिल्ह्याला कुणी वेगळं सांगायला नको. पण तो तमाशा ऐन ऑगस्टात. तेव्हा तुमची खुरपणी, मग गौरी, मग सोयाबीन. एप्रिल-मेमध्ये तुम्ही रिकामे, तर इथे मोठा पाऊस.

म्हणून मी जानेवारीचा शेवट धरलाय. तूर निघालेली असते, ज्वारी अजून उभी असते. कळप तेव्हा टांझानियात असतात, पण सिंह काही जागा सोडून जात नाहीत. शिवाय तिकीट निम्मं. महाशिवरात्रीला आई परळीत वैद्यनाथासमोर हजर असेल, ही माझी हमी.

आधी जंगल, मग समुद्र. तुमच्या सूनबाईंना उलटं हवं होतं, पण जंगलात पहाटे अंधारात उठून दिवसभर धुळीत हादरे खायचे. त्यानंतर नानांच्या कमरेला वाळूच हवी. माराहून थेट समुद्राकडे छोटं विमान जातं, पण त्यात माणशी 15 किलो सामान, तेही मऊ पिशवीत. आईचं निव्वळ लोणचंच तेवढं भरेल. तेव्हा नैरोबीला परत येऊन मोंबासाची रेल्वे धरू. वाटेत त्सावोच्या लाल मातीत लोळून लाल झालेले हत्ती खिडकीतून दिसतात. 1898 मध्ये तिथेच दोन सिंहांनी रेल्वेच्या पुलावरचे मजूर खाल्ले. त्यांत हिंदुस्थानातून आणलेलेही होते. हे आजीला वाचून दाखवू नका.

मोंबासाच्या दक्षिणेला डियानीचा किनारा आहे. कोकणात सूर्य समुद्रात बुडतो, इथे समुद्रातून वर येतो. आईला गुडघाभर पाण्यात उभं राहून अर्घ्य देता येईल. फक्त शेंगदाण्याचे लाडू उघड्यावर ठेवायचे नाहीत, माकडं खोलीत शिरतात.

आणखी एक. केनियात 2017 पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, आणि दंड भरायला रान विकावं लागेल. आई, चटण्या, पापड, मेतकूट सगळं डब्यांत किंवा कापडी पिशव्यांत भर. पिवळ्या तापाची लस निघण्याआधी किमान 10 दिवस घ्यावी लागते. तिचा दाखला नसेल तर परतताना मुंबईत विमानतळावरच अडवतात. नानांनी साठी ओलांडलीय, म्हणून आधी डॉक्टरांना विचारा.

पासपोर्टचं काम मात्र दिवाळीच्या आत उरका.

तुमचा,
धाकटा