फोटोत अंगठा आलेल्या वाचनप्रेमीस

भाऊ,

तुझं नाव मला माहीत नाही, तुझा अंगठा मात्र ओळखीचा झालाय. डाव्या हाताचा. नख आखूड कापलेलं, नखाच्या कडेला पांढरं काहीतरी लागलेलं, बहुधा खडू. देविदास सौदागरांच्या 'उसवण' या कादंबरीची पानं त्या हातानं दाबून धरून उजव्या हातातल्या मोबाइलनं तू फोटो काढलेस, त्यांची पीडीएफ केलीस आणि आपल्या बीड जिल्ह्यातल्या वाचकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री अकरा वाजता सोडून दिलीस. खाली लिहिलंस, 'ज्ञान वाटल्यानं वाढतं, पुढे पाठवा.' सकाळी उठून बघते तर हात जोडल्याची चित्रं खाली सरता सरत नव्हती. एकानं तुला वाचनचळवळीचा शिलेदार म्हटलं. लेखकाचं नाव त्या सगळ्या आभारात एकदाही आलं नाही.

मी वडवणीची. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, जन्मभर शिंपी. 2024 साली साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार सौदागरांना, तुळजापूरच्या शिलाईकाम करणाऱ्या माणसाला मिळाला, ही बातमी मी त्यांना पेपरातून वाचून दाखवली होती. तेव्हापासून ते मागं लागले होते, 'त्या शिंप्याचं पुस्तक आण.' ते आणायचं राहत गेलं आणि तुझी पीडीएफ आली. खोटं सांगत नाही, मी ती उघडली. अण्णांना आता सुईत दोरा ओवण्याइतकं दिसत नाही. म्हणून रात्रीची भाकरी झाली की मी मोबाइल समोर धरून मोठ्यानं वाचायची आणि ते बाजेवर पडून ऐकायचे.

वाचताना तुझं काम जवळून दिसलं. पुस्तक सपाट बसावं म्हणून तू त्याची पाठ मोडलीस. तरी मधल्या घडीत सावली पडलीच. डाव्या पानावर प्रत्येक ओळीचं शेवटचं अक्षर काळोखात गेलंय, उजव्यावर पहिलं. मी अडखळले की अण्णा विचारायचे, 'काय झालं?' मी म्हणायची, 'शब्द दिसत नाही.' मागचं-पुढचं वाचून दाखवलं की ते शब्द भरून द्यायचे. शिवणकामाचा शब्द असला तर लगेच द्यायचे.

'उसवण'मध्ये काय आहे, हे तू फोटो काढताना वाचलंस का? तयार कपड्यांच्या लाटेत एका शिंप्याचा धंदा कसा ओसरत जातो, त्याची ती गोष्ट आहे. गिऱ्हाईक येत नाही, घर चालवायचंय आणि हातातल्या कसबाला कुणी विचारत नाही. सौदागरांनी हे कुठंही गळा काढून सांगितलेलं नाही. त्या माणसाचा दिवस आपल्यासमोर ठेवलाय आणि तो दिवस किती लांब असतो, ते आपल्याला बसून बघावं लागतं. शिलाईकाम केलेल्या माणसानं लिहिल्यामुळे मशीन तिथं शोभेला ठेवलेलं वाटत नाही. मी आमच्या घरात वाचत होते आणि कोपऱ्यात अण्णांचं पायमशीन चादर टाकून उभं होतं.

त्या मशीनचे दिवस मी पाहिलेत. दसरा जवळ आला की मुकादमाची उचल ऊसतोड टोळ्यांच्या हातात पडायची. कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरकडं किंवा कर्नाटकात निघण्याआधी प्रत्येक घर पोरांना एकेक जोड शिवून घ्यायचं. ते पंधरा दिवस अण्णांचं मशीन रात्रीही थांबायचं नाही. आई काज-बटण करायची, मी उलटं-सुलटं करून घड्या घालायची. मग एका वर्षी बाजारतळावर ढिगानं पँटी आल्या, दुसऱ्या वर्षी ढीग वाढला. तिसऱ्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या रात्री मशीन नऊ वाजता थांबलं. अण्णा कुणाला काही बोलले नाहीत. त्यांनी मशीनला तेल दिलं आणि ते पुसून ठेवलं.

म्हणून तुझ्या पीडीएफचा मला संताप आला. शिंप्याच्या हातचं काम फुकटाच्या भावात कसं जातं, हे सांगणारं पुस्तक तू फुकट करून टाकलंस. ज्या ढिगाखाली त्या कादंबरीतला माणूस गाडला जातो, तसलाच ढीग तू रात्री अकरा वाजता त्याच्या लेखकावर ओतलास. आणि वर त्याचे आभार घेतलेस.

हिशेब शाळेतल्या पोरालाही येईल इतका सोपा आहे. मराठी कादंबरीची आवृत्ती पूर्वापार हजार प्रतींची, अलीकडं तीही कमी निघते. ती खपायला वर्षं लागतात. एका व्हॉट्सॲप ग्रुपात 1024 माणसं मावतात. म्हणजे एका बोटानं एका रात्रीत तू आख्खी आवृत्ती बुडवू शकतोस. दोनशे रुपयांच्या पुस्तकावर लेखकाला दहा टक्के मानधन धरलं तर वीस रुपये होतात. तेवढ्यात आपल्याकडं दोन कप चहा येतो. ते वीस रुपये तू काढून घेतलेस आणि अशा माणसाचे काढून घेतलेस ज्यानं दिवसा शिलाईकाम करून लिहायला वेळ काढला. कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. त्याच्या 63 व्या कलमात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितलाय. मी पोलिसात जाणार नाही. पण हा गुन्हा आहे, हे तुला ठाऊक नव्हतं असं कुणाला सांगू नकोस.

तुझी बाजू मला माहीत आहे, कारण ग्रुपवर ती तू मांडलीस. आपल्या भागात पुस्तकं मिळत नाहीत, असं म्हणालास. हे खरं आहे. वडवणीत गाइड मिळतं, वही मिळते, स्पर्धा परीक्षेचे ठोकळे मिळतात, कादंबरी मिळत नाही. पण प्रकाशकाला फोन केला की पुस्तक टपालानं दारात येतं. ढाब्यावरच्या दोन थाळ्यांचे पैसे लागतात. तेही ज्याच्याकडं नाहीत, त्याला तू तुझी प्रत वाचायला द्यायला हवी होतीस. मी स्वतः अशीच वाचत आलेय. आसाराम लोमटे यांचा 'आलोक' मला एका मैत्रिणीनं दिला. 2016 साली त्याला अकादमी पुरस्कार मिळाल्यावर तिनं तो घेतला होता. परभणीच्या मातीतल्या त्या कथा वाचून मी आठवडाभर कुणाशी नीट बोलले नव्हते. कृष्णात खोतांचं 'रिंगाण' माझ्याकडून चार घरी गेलंय. धरणानं उठवलेल्या गावातला माणूस मागं राहिलेल्या म्हशीला आणायला जातो, एवढीच त्याची गोष्ट. सिंदफणेवरच्या माजलगाव धरणात ज्यांची घरं गेली, त्यातल्या एका आजीला मी ती सांगितली. तिनं पहिल्यांदा म्हशीचं वय विचारलं. पुस्तक असं हातोहात फिरावं. एका प्रतीचे चार वाचक झाले तर लेखकाचं नुकसान होत नाही, त्यातला एखादा पुढचं पुस्तक विकत घेतो.

अण्णांचाही असाच नियम होता. कापडाच्या चिंध्या कुणीही न्याव्यात. शाळेतल्या पोरी बाहुल्यांना न्यायच्या, बायका गोधडीला न्यायच्या, अण्णांनी एक पैसा कधी घेतला नाही. शिलाई मात्र त्यांनी सख्ख्या भावालाही सोडली नाही. ते म्हणायचे, 'चिंधी देवाची, टाका माझा.'

लहानपणी त्यांनी मला अंबाजोगाईला नेलं होतं, योगेश्वरीच्या दर्शनाला. तिथं संत दासोपंतांच्या पासोडीची गोष्ट कुणीतरी सांगितली. चाळीस फूट लांब, चार फूट रुंद कापड आणि त्यावर लिहिलेला ग्रंथ. बाकीची माणसं हात जोडत होती. अण्णांनी मनातल्या मनात कापड मापलं आणि मला म्हणाले, 'पाच-सहा सदऱ्यांचं कापड हाय. पर लिहायला किती दिस गेले असतील गं?' पुस्तक हातात घेतलं की मला तो प्रश्न आठवतो. तू पानं दाबत होतास तेव्हा तुला तो पडायला हवा होता.

रा. रं. बोराडे 2025 च्या फेब्रुवारीत गेले, तेव्हा मी त्यांचा 'पाचोळा' पुन्हा काढला होता. 1971 ची कादंबरी, शिंप्याच्या बायकोच्या तोंडून सांगितलेली. अण्णांना ती आधी वाचून दाखवली होती, मग 'उसवण'. दोन्ही मराठवाड्याच्या, दोन्हींत शिंपी, मधे पन्नास वर्षं. 'पाचोळ्या'त शिंपी गंगारामला छळणारी माणसं त्याच्याच गावातली आहेत, त्यांना तोंड आहे, त्यांच्याशी भांडता येतं. 'उसवण'मधल्या शिंप्यानं कुणाशी भांडावं? बाजाराला चेहरा नसतो. 'पाचोळा' ऐकताना अण्णा मधूनमधून शिव्या द्यायचे. 'उसवण' ऐकताना ते गप्प राहिले. हा फरक मला कुठल्या समीक्षेत सापडला नाही, आमच्या बाजेवर सापडला.

एका रात्री वाचता वाचता मी थांबले. त्या पानावर तुझा अंगठा खालच्या एका ओळीवर सबंध पडला होता. फोटो मोठा केला, मोबाइल आडवा केला, उजेडाला धरला, तरी नुसतं नख आणि खडू.

'मग?' अण्णा म्हणाले.

'अंगठा आलाय, अण्णा.'

'कुणाचा?'

मी काय सांगणार? ते उठून बसले आणि म्हणाले, 'मग नको वाचू. पुस्तक मागव.' मी दुसऱ्या दिवशी प्रकाशकाला फोन केला. आठवडाभरात पोस्टमन पाकीट घेऊन आला. अण्णांनी ते स्वतः उघडलं, शिवण तपासावी तशी पुस्तकाच्या पाठीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, 'ते पान काढ.' मी काढलं. ती ओळ वाचली. त्यांनी ती दोनदा वाचायला लावली.

तुझी पीडीएफ मी मोबाइलमधून काढून टाकलीय. तू ग्रुपवरून ती मागं घे आणि तिथं प्रकाशकाचा नंबर टाक. ज्यांनी ती घेतली त्यांना पुस्तक मागवायला सांग, तुझं ते ऐकतात. ती ओळ मी इथं लिहीत नाही. ज्याला हवी असेल त्यानं विकत घ्यावी. तुझ्याकडं तर प्रत आहेच. अंगठा काढ आणि वाच.

वडवणीची एक वाचक