फ्लेमिंगोला डोकं होतं, हो!

चौकातल्या फ्लेक्सवर सध्या आमच्या प्रभागाचे भावी नगरसेवक वाघाच्या पाठीवर हात ठेवून उभे आहेत. मागे सह्याद्री, वर ढगांतून आशीर्वाद देणारे तीन दिवंगत नेते, खाली शुभेच्छुकांची रांग. वाघ कुठून आणला, असं एकाही शुभेच्छुकाने विचारलेलं नाही. पूर्वी हेच काम फ्लेक्सवाल्याकडचा पोरगा रात्रभर जागून करायचा. साहेबांच्या कानांभोवती पांढरी किनार राहायची, वाघाच्या पंज्याशेजारी मूळ फोटोतली कुणाची तरी चप्पल दिसायची. एआय आला आणि किनार गेली, चप्पल गेली, साहेबांचं पोट गेलं. पोरगाही गेला.

अशा राज्यात कुणी ‘एआयमुळे लोकांचा छायाचित्रांवरचा विश्वास उडेल’ अशी चिंता वाहू लागलं की आम्हाला गहिवरून येतं. म्हणजे आजवर होता तर!

ही मंडळी फोटो पाहून लग्न ठरवायच्या भानगडीत पडलेली नसावीत. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरचे देवीचे वण घालवणारे कारागीर गावोगावच्या स्टुडिओंत होते. काश्मीर पडद्यावर होतं. जत्रेत पुठ्ठ्याच्या विमानाच्या खिडक्यांतून अख्खं खानदान हसत बाहेर बघायचं, आणि तो फोटो पुढे तीस वर्षं माजघरात टांगलेला असायचा. ‘विमान खोटं आहे’ असं म्हणून पाहुण्यांनी कधी चहा नाकारल्याचं आम्हाला आठवत नाही.

बरं, हे आपल्याकडचंच पाप, असंही नाही. १८३९ मध्ये फ्रान्स सरकारने दागेरचं तंत्र विकत घेतलं, त्याला पेन्शन दिली आणि फोटोग्राफीचा जन्म जगाला जाहीर केला. कागदावर फोटो उतरवण्याची स्वतःची रीत शोधणाऱ्या इपोलित बायार याच्या वाट्याला त्या मानाने काहीच आलं नाही. त्याने १८४० मध्ये स्वतःचाच बुडून मेल्याचा फोटो काढला आणि मागे लिहिलं की सरकारने दागेरला भरभरून दिलं, या बिचाऱ्याला काही नाही, म्हणून त्याने जीव दिला. हा मृत इसम त्यानंतर १८८७ पर्यंत जगला. आमच्याकडे कागदोपत्री मेलेला माणूस तहसीलच्या पायऱ्या झिजवत ‘मी जिवंत आहे’ म्हणून दाखला मागतो. बायार उलट्या दिशेने गेला, एवढाच फरक.

तेव्हा खोट्या फोटोचं आम्हाला फारसं दुःख नाही. आमची काळजी खऱ्याची आहे.

२०२३ मध्ये बोरिस एल्डाग्सेन या जर्मन कलावंताने सोनीच्या जागतिक छायाचित्र स्पर्धेत दोन बायकांचं एक कृष्णधवल चित्र पाठवलं. बक्षीस मिळालं. मग त्यानेच सांगितलं की हे एआयचं आहे, बक्षीस नको. परीक्षकांची पंचाईत झाली. पुढच्याच वर्षी माइल्स अ‍ॅस्ट्रे याने उलटा डाव टाकला. अरुबात काढलेला फ्लेमिंगोचा खराखुरा फोटो त्याने एका स्पर्धेच्या एआय विभागात घुसवला. पक्षी मान खाली घालून पोट खाजवत होता, त्यामुळे त्याला डोकंच नाही असं वाटायचं. परीक्षकांनी तिसरा क्रमांक दिला, लोकांनी भरभरून मतं दिली. खरं कळलं तसा फ्लेमिंगो अपात्र ठरला. कारण? तो अस्तित्वात होता.

आमच्या ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंनी यावरून बोध घ्यावा. २०१५ मध्ये त्यांना अभयारण्य मिळालं खरं. पण त्यांचा फोटो काढायला ऐरोलीहून भरती-ओहोटीच्या वेळा पाहून होडीत बसावं लागतं, वीतभर लांबीची लेन्स मांडीवर सांभाळावी लागते आणि नेमकं बटण दाबताना पक्षी पाठ फिरवतात. मागे टॉवर, खाली चिखल, मध्ये एखादी प्लास्टिकची पिशवी. बिल्डरच्या ब्रोशरमधले फ्लेमिंगो शिस्तीचे. संध्याकाळच्या उन्हात सोळाव्या मजल्याच्या बाल्कनीकडे तोंड करून उभे. शेजारी मुंगीच्या अक्षरांत ‘चित्र केवळ कल्पनेसाठी’. एआयचे खरे आद्यप्रवर्तक हे बिल्डरच, त्यांना कुणी श्रेय देत नाही.

तर खऱ्याचं कसं होणार? मनरेगाच्या हजेरीला मजुरांचे फोटो ॲपवर चढवावे लागायचे. २०२५ च्या जुलैत केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाला राज्यांना कळवावं लागलं की कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जातात आणि फोटोचाच फोटो काढून हजेरी लावली जाते. त्याला एआय लागला नाही. दोन मोबाइल पुरले. शेतकऱ्याने मात्र ई-पीक पाहणीसाठी स्वतःच्या बांधावर उभं राहून, रेंज शोधत, सोयाबीनचा फोटो काढायचा. त्याचं पीक डोळ्यांसमोर उभं असतं, तरी संशय त्याच्यावरच.

आता या संशयाला एआयचं बळ मिळालं. १९८४ मध्ये भोपाळच्या वायुकांडानंतर मातीत पुरल्या जाणाऱ्या लहानग्याचा चेहरा रघु राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनी टिपला, आणि जगाला मान वळवता आली नाही. तोच फोटो आज आला असता तर दुपारपर्यंत कंपनीचं निवेदन निघालं असतं: सदर प्रतिमा कृत्रिम असल्याची शक्यता नाकारता येत नाही. संध्याकाळी चर्चेला चार तज्ज्ञ. मुलाच्या पापण्यांवरची माती खरी की खोटी, यावर दोन तास.

यावर उपाय निघालाय म्हणे. २०२३ मध्ये लायकाने असा कॅमेरा आणला की फोटो काढतानाच त्यात खरेपणाची डिजिटल सही बसते. किंमत लाखांत. ज्याला परवडेल त्याने खरं बोलावं. बाकीच्यांनी साध्या मोबाइलवर काढावं आणि शिव्या खाव्यात.

सामान्य नागरिकांची सोय आमच्या महापालिकेने बघायला हवी. आमचा मसुदा तयार आहे. ठेकेदाराने दिलेला बुजवलेल्या खड्ड्याचा फोटो प्रथमदर्शनी खरा मानण्यात येईल. नागरिकाने दिलेला उघड्या खड्ड्याचा फोटो प्रथमदर्शनी एआयचा मानण्यात येईल. सबब तक्रारदाराने एका हातात आधार कार्ड व दुसऱ्या हातात त्याच दिवशीचं वर्तमानपत्र धरून स्वतः खड्ड्यात उभं राहावं. खड्डा कमरेपेक्षा खोल असल्यास फोटो काढायला दुसरा इसम आणावा. तो त्याच प्रभागाचा मतदार असावा.