एकमताने तहकूब

सार्क ही दक्षिण आशियाई देशांची सहकार्य संघटना बंद पडली, अशी ओरड करणाऱ्यांनी तिची सनद वाचलेली दिसत नाही. १९८५च्या डिसेंबरात ढाक्याला सह्या झालेल्या या सनदेचं दहावं कलम अवघ्या दोन वाक्यांचं आहे. एक, सर्व पातळ्यांवरचे निर्णय एकमतानेच. दोन, द्विपक्षीय आणि वादग्रस्त विषय काढायचे नाहीत. म्हणजे भांडणाच्या विषयावर तोंड उघडायचं नाही, आणि बिनभांडणाच्या विषयावर एकाने नकाराची मान हलवली की बाकीच्यांनी उठायचं. इतकं चोख बांधकाम! यातून काम निघालं असतं, तर तो गवंड्याचा दोष ठरला असता.

धान्याचंच घ्या. १९८७ साली सात देशांनी २ लाख टनांच्या अन्नसुरक्षा साठ्याचा करार केला. एक कोठार वगैरे काही नाही. ज्याचं धान्य त्याच्याच गोदामात. संकट आलं की गरजवंताने धान्यवाल्याला गाठायचं, आणि भाव किती, पैसे कधी, हे दोघांनी आपसात ठरवायचं. ज्या घरात दोघांतलं काही काढायचं नाही असा दंडक, तिथे भुकेचा भाव मात्र दोघांनीच करायचा! १९९१च्या चक्रीवादळात बांगलादेशात लाखाहून अधिक माणसं गेली. साठ्यातला दाणा जागचा हलला नाही. २००७ साली साठ्याची अन्नपेढी झाली. नियम थोडे सैलावले, पाटी नवी लागली. किल्ल्या ज्याच्या त्याच्या कनवटीलाच.

२०१४च्या काठमांडू परिषदेत रस्ते, रेल्वे आणि वीज असे तीन करार सहीला तयार होते. पाकिस्तान म्हणाला, आमची अंतर्गत प्रक्रिया व्हायची आहे. शेवटच्या घटकेला विजेचा तेवढा सुटला. रस्त्याचा करार मग भारत, नेपाळ, भूतान, बांगलादेश या चौघांनी पुढच्या वर्षी थिंफूला, सार्कबाहेर केला.

बाहेर कशाला जायचं? सनदेच्या सातव्या कलमात मागचं दार आहेच की! दोनपेक्षा जास्त, पण सर्व नव्हेत, अशा देशांच्या प्रकल्पांसाठी कृती समिती नेमता येते. नेमायची स्थायी समितीने. आणि स्थायी समितीचा निर्णय? एकमताने. मागच्या दाराची किल्लीही दहाव्या कलमाच्याच खिशात.

एकमताचं खूळ आग्नेय आशियातल्या देशांच्या आसियानलाही आहे. पण आर्थिक करारांत ज्याला जमत नाही त्याने मागून यावं, बाकीच्यांनी निघावं, ही सोय त्यांनी सनदेतच करून ठेवली. असतात काही लोक उतावळे.

सार्कची एकोणिसावी परिषद २०१६ साली इस्लामाबादला व्हायची होती. उरीच्या हल्ल्यानंतर भारताने नकार कळवला. परिषद मोडायला तेवढा एक पुरेसा होता. तरी बांगलादेश, भूतान आणि अफगाणिस्तान पाठोपाठ आले. एकट्याने उरकणारं काम चौघांनी मिळून केलं. प्रादेशिक सहकार्य आणखी वेगळं काय असतं?