रुग्णभेटीचं सफरचंद : खरेदीपासून विल्हेवाटीपर्यंत

आपल्याकडे धडधाकट माणसाला कोणी सफरचंद देत नाही. पाहुणा आला तर पोहे होतात, चहा होतो, हंगाम असला तर आंबा कापला जातो. सफरचंद मिळवायचं तर आधी ताप भरावा लागतो, निदान एखादं हाड तरी मोडावं लागतं. तेव्हा या फळाचे आरोग्याला होणारे फायदे सांगायचे, तर ते हातगाडीवरून दवाखान्याच्या खाटेपर्यंत कसं न्यायचं आणि तिथे त्याचं काय करायचं हेही सांगणं ओघानं आलंच. पुढील सूचना भेटीला निघण्यापूर्वी वाचाव्यात. रिक्षात वाचल्या तरी चालतील.

आधी शास्त्राधार. रोज एक सफरचंद खाल्लं की डॉक्टर लांब राहतो, हे वचन इंग्रजीतून आपल्याकडे आलं. त्याचं जुनं छापील रूप १८६६ सालचं, वेल्समधल्या पेम्ब्रोकशायरचं आहे. निजताना सफरचंद खा आणि डॉक्टरची रोजीरोटी बुडवा, असा त्याचा रोखठोक आशय. आपण वचन स्वीकारलं, अंमलबजावणीत मात्र किरकोळ बदल केला. जे फळ डॉक्टरला लांब ठेवण्यासाठी होतं, ते आपण थेट डॉक्टरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर दोन-दोन किलोंनी नेऊन ठेवतो. डॉक्टर त्याने बिचकल्याचं आढळलेलं नाही.

खरेदी

चवीचा विचार करू नये. रुग्णभेटीच्या सफरचंदाचं पहिलं कर्तव्य लांबून दिसणं हे आहे, म्हणून गाडीवरचं सर्वांत लाल फळ निवडावं. बुडाशी पाच उंचवटे असलेलं, लांबट, गडद लाल फळ म्हणजे बहुधा ‘डेलिशस’. ही जात मूळची अमेरिकेतली. फिलाडेल्फियाचे सॅम्युअल स्टोक्स १९०४ साली हिमालयात कुष्ठरुग्णांची सेवा करायला आले, इथलेच झाले, पुढे सत्यानंद स्टोक्स म्हणून ओळखले गेले. त्यांनी शंभरेक वर्षांपूर्वी कोटगढ भागात ही झाडं लावली आणि सिमल्याच्या सफरचंदाचं नशीब फिरलं. म्हणजे रुग्णसेवेशी या फळाचं नातं आपण समजतो त्याहून जुनं आहे. गाडीवाल्याला हे सांगून भाव कमी होत नाही.

‘ताजी आहेत ना?’ असं विचारावं, पण उत्तर मनावर घेऊ नये. हिमाचल-काश्मीरचा तोडा साधारण जुलै-ऑगस्टपासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत चालतो. त्यानंतरचं बरंचसं देशी फळ शीतगृहातलं. चांगल्या शीतगृहात तापमान शून्याच्या आसपास ठेवतात आणि हवेतला ऑक्सिजन एकवीस टक्क्यांवरून दोन-तीन टक्क्यांवर आणतात, म्हणजे फळाचा श्वास मंदावतो आणि ते महिनोन्‌महिने टिकतं. थोडक्यात, मार्चमध्ये आपण ज्याच्या हाती रुग्णाची प्रकृती सोपवतो, ते सफरचंद स्वतःच पाच-सहा महिने कमी प्राणवायूवर अतिदक्षता विभागात काढून आलेलं असतं. अनुभवी आहे म्हणायचं.

चकाकी दिसली की बरोबरचा कोणीतरी नखाने साल खरवडून ‘बघ, मेण!’ असं म्हणेल. त्याचं म्हणणं खोटं नाही. सफरचंदाला स्वतःचं मेण असतंच. धुताना त्यातलं बरंचसं निघून जातं, मग काही ठिकाणी कार्नोबा ताडाच्या पानांचं मेण किंवा लाखेचा अगदी पातळ लेप देतात. दोन्ही खाण्यायोग्य म्हणून मान्य आहेत आणि पोटातून जसेच्या तसे बाहेर जातात. काळजी करायचीच असेल तर फवारणीची करावी. २०१७ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांना असं दिसलं, की खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बारा ते पंधरा मिनिटं ठेवलं तर सालीवरची त्यांनी तपासलेली कीटकनाशकं नुसत्या पाण्यापेक्षा चांगली निघतात. सालीत मुरलेलं मात्र निघत नाही. दवाखान्यात सोडा आणि पंधरा मिनिटं दोन्ही मिळत नाहीत. तिथे फळ शर्टाला पुसण्याची पद्धत रूढ आहे.

लोहाविषयी

फोडी करून ठेवल्या की काही मिनिटांत त्या तपकिरी पडतात, आणि भेटीला आलेल्यांपैकी एक ज्येष्ठ गृहस्थ (बँकेतून निवृत्त असल्यास उत्तम) म्हणतात, “बघा, काळं पडलं. म्हणजे लोह!” इथे सर्वांनी मान डोलवावी. खरं तर कापताना पेशी फुटतात, पॉलिफेनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर हवेतल्या ऑक्सिजनला गाठतं आणि रंग बदलतो. वांगं आणि बटाटाही याच कारणाने काळे पडतात. सफरचंदात शंभर ग्रॅमला लोह ०.१२ मिलिग्रॅम आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने प्रौढ स्त्रीसाठी दिवसाला २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस केलेली आहे. एवढं लोह सफरचंदातून मिळवायचं तर शंभराहून जास्त फळं लागतील, आणि त्यासाठी दवाखान्यात वेगळी खोली घ्यावी लागेल. हे गणित गृहस्थांसमोर मांडू नये. त्यांचा रक्तदाब आधीच जास्त असतो. फोडींना लिंबू चोळावं किंवा त्या मिठाच्या पाण्यात बुडवाव्यात, म्हणजे विषयच निघत नाही.

क जीवनसत्त्वाचं नावही काढू नये. मध्यम सफरचंदात ते जेमतेम आठ मिलिग्रॅम असतं. पेरूच्या शंभर ग्रॅममध्ये दोनशेच्या वर असतं, तंतूही सफरचंदाच्या दुप्पट. आवळा तर पेरूलाही मागे टाकतो. मग भेटीला पेरू का नेत नाहीत? त्याच्या बिया दातात अडकतात, वास सगळ्या वॉर्डभर जातो, ही सांगायची कारणं. पेरू स्वस्त आहे, हे खरं कारण. पेरूची पिशवी उशाशी ठेवली तर आजार साधा होता असा अर्थ निघतो, आणि तो अर्थ आजाऱ्याला खपत नाही.

मग सफरचंदात आहे तरी काय? पंच्याऐंशी टक्के पाणी, शंभर ग्रॅमला दहाएक ग्रॅम साखर, बावन्न कॅलरी, आणि सालीसकट खाल्लं तर सव्वादोन-अडीच ग्रॅम तंतू. त्यात पेक्टिन हा पाण्यात विरघळणारा तंतू. जॅम घट्ट होतो तो याच्यामुळे. क्वेर्सेटिनसारखी द्रव्यं मुख्यतः सालीत. आता आपली पद्धत पाहा. फळ हातात घ्यायचं, सुरी घ्यायची, आणि साल एकही तुकडा न पडता एका लांब वेटोळ्यात उतरवून दाखवायची. खोलीतले सगळे श्वास रोखून बघतात. या कौशल्यात निम्म्याच्या आसपास तंतू आणि बहुतेक क्वेर्सेटिन सालीबरोबर निघून जातं, आणि ती साल कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकायची की काळ्या यावर सिस्टरशी वाद होतो. उरलेला गुळगुळीत पांढरा भाग म्हणजे रुग्णाचा पौष्टिक आहार.

कोणत्या आजाराला काय

जुलाब झालेल्याला किसलेलं सफरचंद देतात आणि बद्धकोष्ठ झालेल्यालाही सफरचंदच सुचवतात. यात लबाडी नाही. पेक्टिन पाणी धरून ठेवतं म्हणून पातळ ते घट्ट व्हायला मदत होते. सालीतले न विरघळणारे तंतू अडलेल्याला पुढे सरकवतात. मात्र सफरचंदाचा रस भरपूर पाजला तर त्यातल्या फ्रुक्टोज आणि सॉर्बिटॉलमुळे लहान मुलांना जुलाबच होतात. तेव्हा एकाच फळाचे तीन प्रकार घेऊन जाणाऱ्याने कोणता कोणाला दिला याची नोंद ठेवावी.

मूत्रपिंडाचा आजार असेल तर इथे थट्टा थांबवतो. अशा अनेक रुग्णांना पोटॅशियम मोजून घ्यावं लागतं. केळ्यात ते शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या पुढे, शहाळ्याच्या पाण्यातही भरपूर. सफरचंदात शंभराच्या थोडं वर. एरवी ‘शहाळं किती थंड, किती सात्त्विक’ म्हणून आपण ज्याचा आग्रह करतो, ते डायलिसिसवरच्या माणसाला घातक ठरू शकतं. सफरचंदाचा दुबळेपणा त्याच्या कामाला येतो तो इथे. तरीही डॉक्टरांना विचारूनच.

खाटेवर ‘एनबीएम’ची पाटी असेल तर रुग्णाला पाण्याचा घोटही द्यायचा नसतो. अशा वेळी भेटायला आलेल्या काकू पाटीकडे पाठ करून बसतात आणि म्हणतात, “एक फोड तरी घ्या, फळाला काय होतंय!” काकूंना कँटीनचा रस्ता दाखवावा.

संशोधनाचा कौल

२०१५ साली एप्रिल फूलच्या मुहूर्तावर ‘जामा इंटर्नल मेडिसिन’ या अमेरिकी नियतकालिकात ८,३९९ प्रौढांच्या माहितीवर आधारलेला निबंध आला. त्यांपैकी ७५३ जण रोज सफरचंद खाणारे होते. ते जास्त शिकलेले निघाले, धूम्रपान कमी करणारे निघाले. या गोष्टींचा हिशेब वजा केल्यावर डॉक्टरकडे जाण्यात फरक उरला नाही. औषधाच्या चिठ्ठ्या मात्र थोड्या कमी होत्या. म्हणजे डॉक्टर लांब राहत नाही, केमिस्ट किंचित लांब राहतो. त्याआधी २०१३च्या नाताळ अंकात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने हिशेब मांडला होता, की ब्रिटनमधल्या पन्नाशीपुढच्या लोकांनी रोज एक सफरचंद जास्तीचं खाल्लं तर हृदयविकार आणि पक्षाघाताचे वर्षाला सुमारे ८,५०० मृत्यू टळतील, स्टॅटिनची गोळी न घेणाऱ्या सगळ्यांना ती दिली तर ९,४००. दोन्ही निबंध हसत लिहिलेले, पण आकडेमोड खरी आहे.

माझ्या मते या फळाचा सगळ्यात उपयोगी गुण पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या २००९ सालच्या प्रयोगात दिसला. जेवणाआधी सफरचंदाच्या फोडी खाणाऱ्यांच्या पोटात त्या जेवणात, फोडी धरूनही, पंधरा टक्के कमी उष्मांक गेले. रस पिणाऱ्यांना तसा लाभ झाला नाही. चावावं लागतं, वेळ जातो, पोट भरतं. आता विचार करा: पडून असलेल्या, आधीच दोन घास कमी जाणाऱ्या रुग्णाची भूक मारून आपण काय साधतो? भूक मारण्याची गरज असलेला माणूस स्टुलावर बसलेला असतो, आणि भेटीची वेळ संपली की तो दारातल्या गाडीवर दोन बटाटेवडे खाणार असतो.

म्हणून सुधारित पद्धत अशी. सफरचंद आणणाऱ्यानेच, सालीसकट, चावून, रुग्णासमोर खावं. रुग्णाला पेपर वाचून दाखवावा. बिया टाकून द्याव्यात. त्यांतल्या अमिग्डालिनपासून चावल्यावर सायनाइड तयार होतं, चुकून एक-दोन गिळल्या तर काही होत नाही, पण एवढ्या कारणासाठी शेजारची खाट अडवू नये.

विल्हेवाट

डिस्चार्जच्या दिवशी कपाटात पाच-सहा किलो सफरचंद निघतं, शिवाय कोणी आणलेली कच्ची केळी. दोन्ही एका पिशवीत बांधू नयेत: सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो आणि घरी पोचून दोन दिवसांत केळी पिकून काळी पडतात. पिठूळ झालेली फळं किसून शिऱ्यात घालावीत. करकरीत राहिलेली पुढच्या आजाऱ्यासाठी ठेवावीत, हे फळ त्यासाठीच टिकाऊ केलेलं आहे. मात्र कोणी काय आणलं याची वही ठेवावी. गेल्या महिन्यात साडूंनी आणलेली सफरचंदं या महिन्यात साडूंच्याच उशाशी गेली, तर फळाच्या जाळीवरचा कोपऱ्यातल्या गाडीवाल्याचा शिक्का ते ओळखतात.